टाचलेली फाइल

ऑफिसात तिला सगळे हमालीण म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे, कारण गेलं वर्षभर ती हमालीच तर करत होती. एका घरातलं सामान उचलायचं, दुसऱ्या घरात नेऊन लावायचं. वाटेत काही फुटू द्यायचं नाही, काही हरवू द्यायचं नाही, आणि शेवटी कुणी शाबासकी देईल याची वाट बघायची नाही.

तिची कंपनी औषधाच्या डब्या बनवायची. डबी म्हणजे पंजाएवढं यंत्र. ज्यांचं दुखणं गोळ्यांना दाद देत नाही अशा माणसांच्या कमरेला ते बांधायचं. आत औषध भरलेलं, बाहेर एक बारीक नळी, नळीच्या टोकाची सुई कातडीखाली. दर तासाला किती औषध सोडायचं ते डबी माणसाचं वजन बघून ठरवते. ठरवते म्हणजे आतला प्रोग्रॅम ठरवतो. आणि हा प्रोग्रॅम कुणा एकाचा नव्हे. वीस वर्षांत किती जणांनी तो लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. कुठली ओळ कुणी बदलली, कधी बदलली, का बदलली, हे सगळं एका जुन्या सिस्टिममध्ये जपून ठेवलेलं होतं, आणि ती सिस्टिम राहत होती स्टोअररूममधल्या एका कॉम्प्युटरवर, फाटक्या खुर्च्या आणि रिकाम्या खोक्यांच्या संगतीत. त्याचा पंखा असा घरघरायचा की आत जाणारा माणूस आधी दचकायचा. सिस्टिम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. कॉम्प्युटर बसला असता तर वीस वर्षं त्याच्याबरोबर बसली असती.

म्हणून साहेबांनी तिला सांगितलं, "सगळं नव्या सिस्टिममध्ये हलवा. आजचा प्रोग्रॅम तर हवाच, पण मागचा प्रत्येक बदलही हवा. एक ओळ इकडची तिकडे होता कामा नये."

ती कामाला जुंपली. आपल्या टेबलावर बसूनच तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो स्टोअररूममधल्या कॉम्प्युटरकडून एकेक फाइल मागून घ्यायचा, तिचे सगळे जुने अवतार क्रमाने लावायचा आणि नव्या सिस्टिममध्ये ठेवायचा. पुन्हा पुन्हा तो अडला, पुन्हा पुन्हा तिने तो सुधारला. शेवटी प्रत्येक फाइलचा सगळ्यात ताजा अवतार इकडचा आणि तिकडचा समोरासमोर ठेवून तिने जुळवून पाहिला. अक्षर न् अक्षर जुळलं. त्या दिवशी घरी जाऊन ती सासूबाईंना म्हणाली, "आई, संपलं एकदाचं." सासूबाई म्हणाल्या, "मग आता तरी माणसासारखी जेवायला बस."

सासूबाईंच्या कमरेला तीच डबी होती. हाडांचं दुखणं, तेही असं की रात्र रात्र त्या उशी चावून काढत. डबी आली आणि बाई पुन्हा बाई झाली. भांडू लागली, वर्तमानपत्र वाचू लागली, सुनेच्या स्वयंपाकात खोड काढू लागली. वजन तेवढं परत आलं नाही. आजारात एवढ्या वाळल्या की वजनकाट्याच्या हिशोबाने बाई नव्हे, शाळकरी पोर. त्यांचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, कामानिमित्त महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. घरात या दोघीच. एकमेकींना बोल लावायच्या, आणि एकमेकींवाचून दोघींचं पान हलायचं नाही.

कंपनीची एक पद्धत होती. प्रोग्रॅममध्ये काही बदल झाला की तो एकदम सगळ्या डब्यांना पाठवायचा नाही. आधी पहिली खेप, म्हणजे मोजकी घरं, ज्यांनी आपणहून होकार दिला होता. त्यांच्या डब्यांत तो दुपारी जायचा. सगळं ठीक दिसलं की संध्याकाळी पाचला मोठी खेप, म्हणजे सगळ्यांना. कंपनीत कुणाच्या घरी डबी असेल तर ती पहिल्या खेपेत असायचीच. तसा कुणाचा हुकूम नव्हता, पण आपण केलेलं काम आधी आपल्या माणसाला लावायचं, मग परक्याला, असं नाना नावाच्या जुन्या माणसाने सुरू केलं होतं आणि पुढे ते चालत राहिलं. नाना मागच्या वर्षी गेले. सासूबाईंचं नाव पहिल्या खेपेत हिनेच घातलं होतं. मोठ्या तोऱ्यात घातलं होतं, हेही सांगायला हवं.

तर तो दिवस. नव्या सिस्टिममधून बांधलेला पहिलावहिला प्रोग्रॅम दुपारी पहिल्या खेपेत गेला. वागायला तो जुन्यासारखाच असायला हवा होता, कारण बदल काहीच नव्हता, फक्त घर बदललं होतं. तपासण्या सगळ्या पास झाल्या होत्या. खेपा सोडायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे गार्ड म्हणत, कारण त्याने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय इथून काही हलत नसे. तो साडेतीनच्या सुमाराला तिच्या टेबलापाशी थबकला आणि म्हणाला, "हमालीणबाई, स्टोअररूममधलं धूड आता कशाला चालू ठेवलंय? वीजबिल तू भरणार का? जा, निरोप दे त्याला."

ती उठली. खरं सांगायचं तर तिला जरा वाईटही वाटलं. वर्षभर त्या कॉम्प्युटरशी ती बोलत होती, पण तोंड म्हणून त्याचं पाहिलं नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. स्टोअररूममध्ये तिने खोकी बाजूला सारली, पडद्यावरची धूळ ओढणीने पुसली आणि तो चालू केला. जुनी सिस्टिम जशी पूर्वीच्या माणसांना दिसायची तशी तिला पहिल्यांदाच दिसली. डावीकडे फोल्डर, उजवीकडे फाइली, प्रत्येक फाइलपुढे कागदाचं बारकं चित्र. ती उगाच खाली खाली जात राहिली.

एका फाइलपुढे कागदाचं चित्र नव्हतं. तिथे टाचणी होती.

तिने पुन्हा वर जाऊन सगळं पाहिलं. बाकी कुठेही टाचणी नाही. एकाच फाइलला. आणि ती फाइल कुठली, तर हलक्या माणसांची. ज्यांचं वजन एका मापाखाली आहे त्यांना किती औषध द्यायचं, ते ठरवणारी.

तिने टाचणीवर बोट नेलं. छोटी चौकट उघडली. आत नानांनी लिहिलं होतं, 'निम्म्या ताकदीचं औषध बाजारात येईपर्यंत ही फाइल जुन्या अवतारावर टाचून ठेवली आहे. पुढचे दोन अवतार वापरू नयेत.'

दोनदा वाचून तिला काही समजलं नाही. तिसऱ्यांदा समजलं.

झालं होतं ते असं. कधीकाळी हलक्या माणसांसाठी पातळ औषध येणार होतं, निम्म्या ताकदीचं. निम्म्या ताकदीचं म्हणजे दुप्पट सोडायला हवं. नानांनी तसा हिशोब आधीच लिहून ठेवला. औषध आलंच नाही. नानांनी लिहिलेलं खोडलं नाही, फाइलला टाचणी मारली. टाचणी मारली की जुनी सिस्टिम ताजा अवतार सोडून टाचलेला जुना अवतारच प्रोग्रॅममध्ये घालायची. इतकी वर्षं घालत आली. आणि हमालीणबाईंनी काय केलं, तर प्रत्येक फाइलचा सगळ्यात ताजा अवतार उचलला आणि अक्षर न् अक्षर जुळवून नव्या घरात नेऊन ठेवला. टाचणी तेवढी भिंतीवरच राहिली. तिला टाचणी अशी काही चीज असते हेच ठाऊक नव्हतं. त्याच फाइलमधले तपासणीचे आकडेही नानांनी हिशोबाबरोबर बदलून ठेवले होते, म्हणून चुकीचं उत्तर चुकीच्या उत्तराशी नीट जुळलं आणि तपासणी पास झाली.

दुप्पट. दुपारपासून हलक्या माणसांच्या अंगात दर तासाला दुप्पट औषध जात होतं. हे औषध दुखणं मारतं. जास्त झालं तर आधी गाढ झोप आणतं, आणि मग श्वास विसरायला लावतं.

तिला पहिलं काही आठवलं असेल तर सासूबाईंचा काटकुळा हात. तिने तिथूनच घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. एरवी फोनची पहिली घंटी पुरी होऊ न देणारी बाई. शेजारणीला लावला, तर ती नातवाला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात. "काय झालं गं?" शेजारीण विचारत राहिली आणि हिने फोन ठेवला.

घाबरली म्हणजे अशी घाबरली की तिला स्वतःचे दात एकमेकांवर आपटताना ऐकू येत होते. पर्स टेबलावरच राहिली. किल्ली तेवढी हातात होती, ती कधी घेतली कुणास ठाऊक. जिन्याच्या तोंडाशी गार्ड कॉफीचा पेला घेऊन उभा होता.

"अगं, कुठे? पाचला मोठी खेप आहे, तू इथे नको का?"

"घरी," ती म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या टाकत खाली उतरली.

एवढंच म्हणाली. एवढंच तिच्या तोंडून निघालं.

घर लांब नव्हतं, म्हणूनच तर ही नोकरी धरली होती. पण त्या दिवशी रस्त्याला काय झालं होतं देव जाणे. फुटपाथ पाइपसाठी खणून ठेवलेला, वर फळ्या टाकलेल्या, आणि फळीवर एक माणूस निवांत उभा राहून फोनवर हसतोय. ती त्याला ढकलूनच पुढे गेली. मागून त्याने काहीतरी सुनावलं. सिग्नलला गाड्या थांबेनात. शेवटी ती हात वर करून तशीच मध्ये घुसली, एका गाडीने करकचून ब्रेक लावला आणि आतल्या बाईने तिचा उद्धार केला. तिला एकच हिशोब सुचत होता. दुपारी बारा, मग एक, मग दोन, मग तीन, आणि आता चारही होऊन गेले होते. प्रत्येक तासाला दुप्पट. ती मोजायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

ती धावतच जिने चढली. दारापाशी किल्ली भोकात जाईना. दोन्ही हातांनी धरली तेव्हा गेली.

घरात नळ ठिबकत होता. एवढाच आवाज. सासूबाई खिडकीशी पलंगावर पडलेल्या, वर्तमानपत्र छातीवर, चष्मा कपाळावर सरकलेला, तोंड उघडं. फोन उशाशीच होता. ती दारातच थिजली. पुढे पाऊल टाकलं तर जे असेल ते खरं होईल असं तिला वाटलं, आणि तरी पाऊल टाकावंच लागलं.

छातीवरचं वर्तमानपत्र हललं. मग कितीतरी वेळ हललं नाही. मग पुन्हा हललं.

तिने झडप घालून नळीचा चिमटा दाबला, डबीचं लाल बटण दाबलं, सुईवरची पट्टी ओढून सुईच काढून टाकली. मग सासूबाईंना खांद्याला धरून गदागदा हलवलं. "आई. आई, उठा. डोळे उघडा."

काही नाही. तिने गालावर चापट मारली. आयुष्यात सासूच्या गालावर चापट मारायची वेळ येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. दुसरी जरा जोरात मारली.

सासूबाईंनी डोळे किलकिले केले. बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. "काय गं," त्या जड जिभेने म्हणाल्या, "कोण गेलं?"

"कुणी नाही. उठून बसा. झोपायचं नाही. माझ्याकडे बघा. मोठा श्वास घ्या."

"घेतेच आहे की. फुकटचा आहे."

तिला रडू फुटलं. पाठीमागे उशा लावून तिने त्यांना बसतं केलं, तोंडावर ओला हात फिरवला आणि रडता रडताच दवाखान्याला फोन करून गाडी पाठवायला सांगितलं. मग जमेल तसं सासूबाईंना सगळं सांगितलं. सामान हलवताना टाचणी मागे राहिली, डबी दुपारपासून दुप्पट औषध देत होती. सांगताना त्यांची मान कलली की ती हनुवटी धरून वर करायची.

"म्हणजे तुमच्या ऑफिसनं मला मारायलाच काढलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"ऑफिसनं नाही, आई. मी. माझ्या हातनं झालंय."

सासूबाईंचे डोळे मिटू मिटू होत होते, ते त्यांनी ताणून उघडे ठेवले.

"आणि बाकीच्यांना कुणी सांगितलं?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. "कुठले बाकीचे?"

"अगं, डब्या काय माझ्या एकटीच्या कमरेला आहेत?"

मग तिला जिन्याच्या तोंडाशी उभा असलेला गार्ड आठवला, हातात कॉफी घेतलेला. पाचला मोठी खेप आहे, असं म्हणालेला. आणि आपण त्याला काय सांगितलं, तर घरी. एक वाक्य बोलायला लागलं असतं. थांबव, एवढा एक शब्द पुरला असता. ती त्याच्या अंगावरून धावत निघून आली होती. शेकडो घरं होती, त्यांतली कितीतरी माणसं अशीच खिडकीशी पडलेली, अशीच वाळलेली, आणि तिला त्यांतलं एकही आठवलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला थोडीच मिनिटं उरली होती.

तिने गार्डला फोन लावला. लागेना, तो दुसऱ्या कुणाशी बोलत होता. मोठ्या खेपेच्या आधी त्याचा फोन नेहमीच गुंतलेला असे. पुन्हा लावला. पुन्हा गुंतलेला. तिच्या बोटांना इतका घाम सुटला होता की फोन हातातून निसटला आणि पलंगाखाली गेला. ती पालथी पडून तो काढू लागली, आणि वरून सासूबाई म्हणाल्या, "साहेबाला लाव. त्याला काय काम असतं?"

साहेबांनी उचलला. "हं, बोला."

"साहेब, खेप थांबवा. आत्ता. विचारू नका, आधी गार्डकडे जा आणि थांबवा."

साहेब शहाणा माणूस. त्यांनी विचारलं नाही. तिला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार, मग बुटांचा आवाज. साहेब पळत होते. पन्नाशीचा, पोट सुटलेला, कधी घाईने चहासुद्धा न पिणारा माणूस पळत होता. मग लांबून गार्डचा आवाज आला, "सोडतोच आहे साहेब, दोन सेकंद." आणि साहेबांचा आवाज, एवढा मोठा तिने कधी ऐकला नव्हता, "हात काढ तिथून."

तिचा कान दुखायला लागला, इतका तिने फोन दाबून धरला होता.

"गेली नाही," साहेब धापा टाकत म्हणाले. "आता सांगा."

तिने सांगितलं. गार्ड शेजारून ऐकत होता, तो म्हणाला, "पहिल्या खेपेत हलक्या वजनाची दोनच माणसं आहेत. तुझ्या सासूबाई, आणि नदीपलीकडे एक घड्याळजी."

घड्याळजींचं वजन किती ते त्याने वाचून दाखवलं. सासूबाईंच्याहून कितीतरी कमी.

गार्ड त्यांच्याकडे गाडी पाठवायच्या मागे लागला आणि नंबर तिने मागून घेतला. तिला कुणी कर म्हटलं नव्हतं. फोन घड्याळजींच्या मुलीने उचलला. आवाज तरुण, मागे कुकरची शिट्टी.

"बाबा ना? झोपलेत. आज किती दिवसांनी छान झोप लागलीय त्यांना. उठवलं नाही मी मुद्दाम."

"उठवा," ती म्हणाली.

"कोण बोलताय आपण?"

"डबी बनवतो तिथून बोलतेय. ताई, आधी त्यांच्या नळीचा चिमटा दाबा, मग उठवा. मी फोनवर आहे."

चपला फटफटत आतल्या खोलीत गेल्या. ती आणि सासूबाई एकाच फोनला कान लावून बसल्या. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं होतं. बाबा, असं एकदा ऐकू आलं. मग दोनदा. मग त्या मुलीचा आवाज बदलला. पुढची कितीतरी मिनिटं ती त्या मुलीला सांगत होती, बटण दाबा, सुई काढा, कुशीवर वळवा, नावाने हाका मारत राहा, हलवा, श्वास थांबू देऊ नका. मुलगी सगळं करत होती आणि मध्येच विचारत होती, "ते का उठत नाहीत?" त्याला हिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिला देववलं नाही. शेवटी तिकडच्या दारावर धक्के बसले, माणसांचे आवाज आले आणि फोन बंद झाला.

तेवढ्यात इकडेही दवाखान्याची गाडी आली. सिस्टरने सासूबाईंचे श्वास मोजले, दंडात एक इंजेक्शन दिलं, बराच वेळ बसून राहिली आणि म्हणाली, "थोडक्यात बचावल्या आजी." दवाखान्यात चला म्हटलं तर आजी साफ नाही म्हणाल्या. सिस्टर डॉक्टरांशी फोनवर बोलली आणि काय काय बघायचं ते सांगून गेली.

दिवेलागणीला साहेबांचा फोन आला. घड्याळजींनी डोळे उघडले होते. अजून बोलत नव्हते, पण मुलीला ओळखलं होतं. पहिल्या खेपेतल्या सगळ्या डब्यांत जुना प्रोग्रॅम परत गेला होता, सासूबाईंच्याही. मग साहेब म्हणाले, "बाकीचं उद्या बोलू." ते उद्या काय बोलतील याचीही तिला भीती वाटली, पण ती भीती आता रांगेत मागे उभी होती.

कारण सासूबाईंचं दुखणं जागं झालं होतं. इंजेक्शनने औषधाचा सगळाच असर उतरवला होता. आधी त्या नुसत्या पाय हलवत राहिल्या. मग पदराचं टोक तोंडात धरलं. मग कण्हणं सुरू झालं, डबी यायच्या आधीचं, जे ऐकून ती कानांवर उशी दाबून झोपायची.

तिने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "प्रोग्रॅम जुना आला असेल तर डबी लावा. नाहीतर त्यांना सोसवणार नाही."

तिने डबी हातात घेतली. छोट्या पडद्यावर प्रोग्रॅमचा नंबर होता. जुनाच. तिने दिव्याखाली धरून पाहिला. साहेबांना फोन करून वाचून दाखवला. पुन्हा पाहिला. नवी सुई लावली, पट्टी चिकटवली, चिमटा सोडला. आता फक्त हिरवं बटण राहिलं होतं. बोट बटणावर टेकवून ती तशीच बसली. बोट खाली जाईना.

"सकाळी सिस्टर येतील, आई. त्या चालू करतील."

"सकाळपर्यंत मी अशीच राहू?"

"मला भीती वाटतेय हो. नाही होत माझ्याच्यानं."

सासूबाईंनी दातांतून पदर काढला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळ्यांत पाणी. "मलाही वाटतेय भीती," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या डबीची मेलीची खूप भीती वाटतेय आता. पण दुखतंय गं. दाब."

तिने दाबलं. डबीतून किर्र असा बारीक आवाज आला आणि थांबला.

दोघी डबीकडे बघत बसल्या. कण्हणं हळूहळू कमी झालं. सासूबाईंची आखडलेली बोटं सुटली, खांदे खाली आले, मान उशीवर टेकली. डबी यायच्या आधी ही झोप त्यांना लागावी म्हणून सून देव पाण्यात घालून बसली होती. आता पापण्या जड होताना दिसल्या तशी ती ताठ होऊन पुढे सरकली आणि तिने त्यांचा हात घट्ट धरला.

सासूबाईंनी अर्धवट डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"झोपू का?" त्यांनी विचारलं.

तिच्याने हो म्हणवेना. "इतक्यात नको," ती म्हणाली. "थोडा वेळ बोला माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. मला शिव्या द्या."

मग सासूबाई डोळे मिटूनच, अडखळत, सकाळच्या भाजीत मीठ कसं जास्त पडलं होतं ते सांगू लागल्या, आणि सून त्यांच्या प्रत्येक वाक्याला हो आई, हो आई म्हणत राहिली.